वस्त्रगाळ शिंपले

४ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार.

मुलांच्या लग्नाला चार वर्षं झाली. एवढ्या काळात आपण एकमेकींना लिहिलं ते सुखरूप पोचल्याचं, आणि एकदा तुमचा स्टीलचा डबा माझ्याकडे राहून गेल्याचं. आज मात्र काम अडलंय म्हणून लिहिते. फोन केला असता, पण तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरची अक्षरं म्हणजे मुंग्या, असं तुम्हीच म्हणाला होतात. तेव्हा पत्रच बरं.

दोघं तीन महिन्यांसाठी गेलीत हे तुम्हाला माहीत आहेच. तिचं प्रशिक्षण, आणि आमच्या चिरंजीवांचं काय, कॉम्प्युटर उघडला की तिथेच ऑफिस. निघण्याआधी तुमची लेक म्हणाली, "कोंबड्या माझ्या आईकडे पोचवते, उगाच तुम्हाला त्रास नको." ते मला फार लागलं. चाळीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होते मी. माझ्या हातच्या पुड्या लोक डोळे मिटून घ्यायचे, आणि घरच्या सुनेला सहा कोंबड्या माझ्यावर सोडायला धीर होत नाही? मी म्हटलं, "राहू दे इथेच." ती "बरं" म्हणाली. तिचं ते "बरं" तुम्हाला ठाऊक असेल. त्यावरून तिला आवडलं की नाही, काही म्हणून कळत नाही.

तर झालंय असं, की मास्तरीण आजारी आहे. मास्तरीण म्हणजे ती काळीभोर, मान वर करून बाकीच्या पाचजणींची तपासणी करत फिरणारी. तुमच्या लेकीनं तिला अंड्यातून बाहेर आल्यापासून टेबललॅम्पच्या उबेत वाढवलीय आणि तिचा जीव आहे तिच्यावर. काल सकाळी मास्तरीण अंडी घालायच्या पेटीतून उठली. खाली पाहिलं तर अंडं होतं, पण कवच नव्हतं. नुसती पातळ पिशवी आणि आत बलक हलतोय. हातात घेतलं तर लिबलिबलं.

तुम्ही एके काळी चाळीस कोंबड्या पाळल्यात, म्हणून विचारते. हे कशानं होतं?

आणि एक विनंती, हे तुमच्या लेकीला कळवू नका. ती तोंडानं काही बोलणार नाही, "बरं" म्हणेल. मला ते ऐकायचं नाही.

तुमची विहीण,
कंपाउंडरबाई


९ फेब्रुवारी

कंपाउंडरबाई, नमस्कार.

शिवायला आलेली पँट सुईखाली तशीच ठेवून तुमचं पत्र दोनदा वाचलं. बरं वाटलं. चार वर्षं आपण एकमेकींशी नव्या कपड्याची घडी मोडू नये तशा वागतोय. तुम्ही "आपण बसावं" म्हणायचं, मी "आपण आधी बसावं" म्हणायचं, आणि दोघींनी उभंच राहायचं. कोंबडीच्या निमित्तानं का होईना, तुम्ही खरं काहीतरी विचारलंत.

बिनकवचाचं अंडं एखाददा येतं. कोंबडी दचकली, कुत्रं भुंकलं, तरी येतं. सारखं आलं तर मात्र तिला चुना कमी पडतोय असं समजा. चुना म्हणजे तुमच्या भाषेत कॅल्शियम. कवच सगळं त्याचंच. बाहेरून मिळालं नाही, तर ती स्वतःच्या हाडांतून काढून अंड्याला देते. मग पाय लटपटतात. आईपणाची हौस कोंबडीलाही फार.

आता मला नीट सांगा. ती खाते का? शेपूट वर असते की खाली? पाय कसे टाकते? आणि लेकीनं चुन्यासाठी शिंपल्यांचा डबा ठेवलाय का? ठेवला असणारच, माझ्या हाताखाली शिकलीय ती.

लेकीला कळवणार नाही. शब्द दिला. पण मला तो जड जाणार आहे, हेही सांगून ठेवते. ती मला दर आठवड्याला पत्र लिहिते.

तुमची बहिरी विहीण


१४ फेब्रुवारी

विहीणबाई, नमस्कार.

प्रश्नांची उत्तरं क्रमानं देते, मला तशीच सवय आहे. खाणं निम्म्यावर आलंय. शेपूट सकाळी वर असते, दुपारनंतर खाली येते. चाल मंद, आणि डावा पाय जरा बाहेर फेकते. सात दिवसांत तीन अंडी झाली. एक बिनकवचाचं, एकाचं कवच कागदासारखं, माझ्या चिमटीत फुटलं, आणि एक तिच्याच पायाखाली गेलं. मी पेटीजवळ वही टांगून ठेवलीय आणि तीत सगळं लिहिते.

गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं होतं. ते पिंजऱ्याशी वाकले, सरळ झाले आणि म्हणाले, "बाई, माझा हात गाईच्या मापाचा आहे." चहा पिऊन गेले.

शिंपल्यांचा डबा आहे. पण विहीणबाई, रागावू नका, त्यात नुसते ओबडधोबड तुकडे होते, नखाएवढाले. कोंबडीच्या घशात अडकले असते एखादे दिवशी. तुमची लेक घाईची, तिनं तसेच भरून ठेवले असणार. दोघं गेल्यावर मी पहिल्याच दिवशी सगळा डबा खलात घातला, तीन दिवस खलला आणि मलमलीतून वस्त्रगाळ करून घेतला. आता रोज सकाळी एक सपाट चमचा मोजून खाण्यात कालवते. शिंपल्यांची कमतरता म्हणून विचाराल, तर शक्यच नाही.

मग औषध पोटात जातंय आणि गुण येत नाही, हे कसं? चाळीस वर्षांत हा प्रश्न मला फार वेळा पडला. तेव्हा बहुतेक वेळा रोगी खोटं बोलत असायचा. कोंबडी कशाला बोलेल?

खोटं मीच बोलले. काल तुमच्या लेकीचा फोन आला. "मास्तरीण अंडी देते ना?" मी म्हटलं, "रोज." ती म्हणाली, "फोटो पाठवाल?" मग ठेंगणीच्या, म्हणजे सहाजणींतल्या त्या बुटकीच्या, पेटीतलं छान टणक अंडं उचललं, मास्तरिणीच्या पेटीत ठेवलं आणि फोटो पाठवून दिला. लिहितानाही लाज वाटतेय.

तुमची,
कंपाउंडरबाई


१९ फेब्रुवारी

कंपाउंडरबाई,

आज चारच ओळी. त्या वस्त्रगाळ शिंपल्यांची एक पुडी मला पाकिटातून पाठवा. का ते आत्ता विचारू नका. मला एक शंका आलीय, आणि हातात घेतल्याशिवाय मी कापडाबद्दलही बोलत नाही.

तुमची बहिरी विहीण


२३ फेब्रुवारी

विहीणबाई, नमस्कार.

पुडी सोबत आहे. शंका कसली ते सांगितलं असतंत तर बरं झालं असतं. भेसळीची असेल, तर डबा तुमच्या लेकीनं भरलाय आणि खल माझा आहे, मध्ये तिसरं कोणी नाही.

इकडे बरं नाही. ठेंगणीच्या अंड्यांचीही कवचं आता पातळ होऊ लागलीत. मास्तरीण दिवसभर बसून असते. काल ती उठायला गेली आणि दोन्ही पाय दोन दिशांना गेले. मी तिला उचललं. विहीणबाई, मी चार वर्षांत या कोंबड्यांना हात लावला नव्हता. घाण करतात, वास येतो, एवढंच माझं बोलणं. इतकी हलकी असते हे माहीत नव्हतं मला. माझ्या हातात तिनं मान टाकली नाही. वर करून माझ्याकडे बघत राहिली, जणू मीच काहीतरी चुकवलंय.

काय चुकवलंय तेवढं कळलं तर मी दुरुस्त करीन. न कळण्याचाच त्रास जास्त होतो.

कंपाउंडरबाई


२८ फेब्रुवारी

कंपाउंडरबाई, नमस्कार.

पुडी मिळाली. आधी मी तिची घडी बघत बसले. इतकी चोख घडी मला कॉलरलाही जमत नाही. मग उघडली, आणि तेवढ्यात मला शिंक आली. तुमची अर्धी पुडी माझ्या आरशावर जाऊन बसली. बाई, हे शिंपले आहेत की तोंडाला लावायची पावडर?

तुमचं चुकलंय, आणि ते चुकायला चाळीस वर्षांचा अनुभव लागतो. दुसऱ्या कोणाला इतकं बारीक करता आलंच नसतं.

कोंबडीला दात नसतात. तिच्या पोटात एक जाड पिशवी असते, तीत ती गिळलेले खडे साठवते आणि त्यांवर दाणा दळते. शिंपल्याचे मोठे तुकडे त्या पिशवीत अडकून राहतात आणि तासन्‌तास हळूहळू विरघळतात. तेच हवं असतं. कारण कवच तयार होतं ते रात्री, ती झोपलेली असताना, जेव्हा ती काही खात नसते. तुमची पावडर सकाळी पोटात गेली की दुपारपर्यंत मागच्या दारानं बाहेर. रात्री कवच करायची वेळ येते तेव्हा दुकान बंद. मग ती बिचारी स्वतःच्या हाडांना हात घालते. शिवाय सगळं खाणं पिठूळ झालं म्हणून त्या खातही कमी असतील.

तर ओबडधोबड तुकडे आणा, नखाएवढाले. खाण्यात कालवू नका. वेगळ्या वाटीत ठेवा आणि मोजू नका. ज्या कोंबडीला जेवढे हवेत तेवढे ती घेईल.

आता दोन गोष्टी. मास्तरीण अशक्त आहे, गुण यायला दिवस लागतील. तोवर तिचं अंडं आत अडण्याची भीती आहे. मऊ अंड्याला ढकलायला धड आधार मिळत नाही, आणि चुना कमी पडला की ढकलायची ताकदही कमी होते. तसं झालं, ती फुगून बसली, शेपूट खाली घालून कळा देऊ लागली, तर माझ्या पत्राची वाट पाहू नका. हाताशी काही तास असतात. काय करायचं ते पत्रात लिहून समजण्यासारखं नाही. लेकीला फोन करा. बारा वर्षांची होती तेव्हापासून तिनं माझ्या कितीतरी कोंबड्या सोडवल्यात.

दुसरी गोष्ट, आपली सहज विचारते. त्या फोटोतलं अंडं कुठल्या रंगाचं होतं? ठेंगणीचं पांढरं असतं. मास्तरिणीचं गडद तपकिरी, चहाच्या रंगाचं.

लेकीला सांगून टाका हो, बाई.

तुमची बहिरी विहीण


१२ मार्च

विहीणबाई,

नमस्कार लिहायला विसरले होते, आता वर जागा नाही.

तुमचं पत्र वाचून मी आधी खल उचलून माळ्यावर टाकला. मग रंगाची ओळ वाचली आणि खुर्चीत बसले ती बसलेच. सहाजणींमध्ये कोणाचं अंडं कुठलं, हे मला चार वर्षांत ठाऊक नव्हतं. म्हणजे फोटो बघताक्षणी तिला कळलं असणार. आणि ती काही बोलली नव्हती. नुसतं "बरं" लिहिलं होतं.

तेव्हाच फोन करायला हवा होता. नाही केला. आज करू, उद्या करू म्हणत पाच-सहा दिवस काढले. तेवढ्यात तुकडे आणले आणि वाटी ठेवली. विहीणबाई, काय गंमत पाहिली मी! दिवसभर वाटीकडे कोणी ढुंकून बघत नाही. पण ऊन उतरलं, की एकेक जण येते, मोजके तुकडे उचलते आणि झोपायला जाते. कोणी चार, कोणी दहा. ठेंगणी तर निवडून घेते. मी स्टूल टाकून रोज बघते. जन्मभर लोकांना मात्रा मोजून दिली मी, आणि या एवढ्याशा पक्ष्यांना आपापली मात्रा ठाऊक आहे, शिवाय वेळही. हे यांना कोणी सांगितलं असेल? सहा दिवसांत ठेंगणीचं कवच टणक झालं.

मास्तरिणीला मात्र तेवढा अवकाश मिळाला नाही. परवा दुपारी ती फुगून बसली. डोळे अर्धे मिटलेले, शेपूट जमिनीला, आणि मिनिटा-मिनिटाला सगळं अंग आवळायची. तुम्हाला पत्र लिहायला घेतलं होतं, खरं सांगते. "विहीणबाई, नमस्कार" एवढं लिहिलं आणि मनात हिशेब केला, चार दिवस जायला, चार यायला. कागद बाजूला सारला आणि तुमच्या लेकीला फोन लावला.

म्हटलं, "मास्तरिणीचं अंडं अडलंय."

ती म्हणाली, "म्हणजे ती जिवंत आहे?"

विहीणबाई, पोरीनं महिनाभर धरून ठेवलं होतं, की मास्तरीण मेली आणि मी लपवतेय. एकटीच रडून घेतलं होतं म्हणे. मला विचारलं नाही, कारण मला वाईट वाटेल. ती फोनवर हुंदके देत होती आणि त्यातच सांगत होती, "टब घ्या. पाणी कोमट, मनगटावर घालून बघा. पोट बुडेल एवढंच."

फोन स्पीकरवर टाकून बाथरूमच्या स्टुलावर ठेवला. मास्तरिणीला टबात बसवलं. मला वाटलं होतं फडफडेल, पण ती निवांत बसली, उलट डोळे मिटले. तुमची लेक विचारत होती, मी सांगत होते. "पोट हाताला कसं लागतं? दाबू नका हां, नुसता हात ठेवा." घट्ट लागत होतं. "आत फुटलं तर वाचायची नाही, म्हणून घाई करायची नाही." वीस मिनिटांनी टॉवेलात घेतलं, कोरडं केलं, मागच्या बाजूला तेलाचं बोट लावलं. माझ्या गुडघ्यांसाठी कॅल्शियमचं सिरप असतं, ते तिनं सांगितलं तेवढं, थेंब थेंब चोचीच्या कडेला. मग दिवा मालवून टॉवेलासकट मांडीवर घेऊन बसले. ती म्हणाली, "आता वाट बघायची. फोन ठेवू?" मी म्हटलं, "नको ठेवूस."

तास-सव्वा तास आम्ही तशाच बसलो. ती तिकडे, मी इकडे. ती प्रशिक्षणाच्या खोलीबाहेर जिन्यात बसली होती. मध्येच म्हणाली, "मला आधीच का नाही सांगितलंत?"

"भ्याले."

"कोणाला?"

"तुला."

ती हसायला लागली. मला कळेना, यात हसण्यासारखं काय. मग म्हणाली, "आणि मी चार वर्षं तुम्हाला भिऊन आहे. तुम्ही इतकं सगळं नीट करता, की तुमच्यापुढे तोंड उघडलं की चुकेल असं वाटतं. म्हणून नुसतं बरं म्हणते."

मग मी शिंपल्यांचं सगळं सांगून टाकलं तिला, खल, मलमल, सपाट चमचा. तेवढ्यात मांडीवर काहीतरी ऊन-ऊन लागलं. अंडं बाहेर आलं होतं. मऊ, पण अख्खं. मी ओरडले, ती तिकडे ओरडली, आणि मास्तरीण टॉवेलातून मान बाहेर काढून आमची तपासणी करायला लागली.

आता ती वाटीतले तुकडे खाते. काल उभी राहून चार पावलं चालली. लेक म्हणते, महिनाभर अंडी नकोत, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा म्हणजे ती आपोआप थांबेल. मी ठेवलंय.

तुमची,
कंपाउंडरबाई


१७ मार्च

कंपाउंडरबाई, नमस्कार.

तुमचं पत्र आणि लेकीचं पत्र एकाच दिवशी आलं. कुठलं आधी उघडावं कळेना, म्हणून आधी काम संपवलं आणि मग दोन्ही घेऊन बसले.

मला तुमची क्षमा मागायचीय. अडलेल्या अंड्याचा उपाय पाच ओळींत लिहिता आला असता. कोमट पाणी, तेल, अंधार, सिरप. समजण्यासारखं नाही, ही थाप होती. लेकीनं फेब्रुवारीतच मला लिहिलं होतं, "मास्तरीण गेली वाटतं, तू त्यांना काही विचारू नकोस." तुम्ही म्हणत होतात, तिला सांगू नका. ती म्हणत होती, त्यांना सांगू नकोस. दोघींचा शब्द राखायचा तर मला एकच वाट दिसली, की तुम्हीच तिला फोन करावा. त्यासाठी कोंबडीचा जीव टांगणीला लावला. पुढचे दोन-अडीच आठवडे मला घास गोड लागला नाही. ती मेली असती, तर तुम्हाला तोंड दाखवायला जागा नव्हती.

आता लेकीच्या पत्राचं सांगते. चार पानं आहेत, पाठपोट. चार वर्षांत तिच्या पत्रात तुमचा उल्लेख यायचा तो "सासूबाई" म्हणून, तोही शेवटच्या ओळीत, सासूबाईंचा नमस्कार. या पत्रात सुरुवातीपासून "आई अशा बसल्या, आई असं म्हणाल्या, आईंनी पुडीवर तारीखसुद्धा लिहिली असेल बघ." मी मोजलं. सव्वीस वेळा आई आहे. त्यातली माझी एकच, मायन्यातली.

वाचताना टोचलं. खोटं कशाला बोलू? माझ्या मशीनच्या पायाशी वाढलेली एकुलती एक पोर आहे ती. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पत्र परत वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना सव्वीसही मला कमीच वाटले.

एप्रिलमध्ये ती दोघं परत येतील, तेव्हा मीही यायचं म्हणते. मास्तरिणीला बघायचंय. मी आल्यावर "आपण आधी बसावं" वगैरे करू नका, सरळ मला त्या स्टुलावर बसवा.

तुमची विहीण